एका दिवसापुरता बसवलेला बाजार

आमच्या रामप्रसादचं वागणं अलीकडे बिघडलं आहे. तो दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही, बापाला उलटून बोलत नाही. पण कोणी काही विचारलं तर खरं सांगतो.

परवा माझ्या जावेच्या, पारुबाईच्या, नातवाचं बारसं होतं. अर्धं शिरड शहापूर तिच्या अंगणात जमलेलं. बाया पाळण्याभोवती, माणसं बाहेरच्या ओट्यावर, घुगऱ्यांचं वाटप चाललेलं. अशा भरल्या ठिकाणी पारुबाईनं, मला ऐकू जाईल अशा बेतानं, माझ्या पोराला विचारलं, “काय रं रामप्रसाद, तुझी पीएचडी कुठवर आली?”

या प्रश्नाचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. ‘चालू हाय काकू, शेवटच्या टप्प्यात हाय.’ कितीतरी वर्षं तो हे उत्तर बिनचूक देत आला होता आणि त्यानं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यानं घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, “कुठंच न्हाई काकू. होती तिथंबी न्हाई राहिली.”

पाळण्याची दोरी धरलेला हात तसाच थांबला. ओट्यावरचा सोनाजी कांदेवाला न जेवता उठून गेला. पारुबाईचा चेहरा मात्र असा उजळला, जणू बारसं तिच्या नातवाचं नसून त्या बातमीचंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, खरं बोलला तर बिघडलं काय? ते कळायला पहिल्यापासून सांगावं लागेल.

रामप्रसाद हा आमच्या घरात एम. ए. झालेला पहिला माणूस. त्याच्याआधी आमच्यात शिक्षण झालं ते मेंढरं मोजण्यापुरतं. तो सेनगावच्या कॉलेजात तासावर शिकवायचा. म्हणजे तास असेल तेव्हा सर, नसेल तेव्हा कोणी नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं, “पीएचडी करून या, कायमची ऑर्डर देतो.” म्हणून शहाण्णव साली त्यानं विद्यापीठात नाव घातलं. त्याला विषय मिळाला : ‘परभणी जिल्ह्यातील निवडक आठवडी बाजारांचा चिकित्सक अभ्यास’. त्या काळी आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो.

“चिकित्सक म्हंजे काय करायचं रं?” मी विचारलं.

“प्रत्येक दुकानापुढं उभं राहायचं, भाव इचारायचा, अन् काही घ्यायचं न्हाई.”

“हे तर पारुबाई जलमभर करून राहिली. तिला कोणी डॉक्टर म्हणंना.”

“तिला गाईड न्हाई माय,” तो म्हणाला.

रामप्रसादला गाईड होते. डॉक्टर उकंडराव सर. विद्यापीठात मोठे प्राध्यापक आणि गावाकडे मोठे शेतकरी. हळदीचं पाणभरतं रान होतं, तेही अगदी डांबरी सडकेला लागून. सरांनी पहिल्याच भेटीत नियम समजावून सांगितला. विद्यार्थ्यानं दर सहा महिन्यांनी अपेक्षित प्रगती दाखवायची. ती समितीपुढं ठेवायची. समिती म्हणाली ‘समाधानकारक’ तर पुढं चालायचं. दोनदा म्हणाली ‘असमाधानकारक’ तर नाव काढून टाकायचं.

आमच्या पोराला वाटलं, प्रगती म्हणजे काम. पहिल्या सहा महिन्यांत तो वसमतचा बाजार फिरला, औंढ्याचा फिरला, सेनगावचा फिरला, आमच्या शिरडचा तर त्याला पाठच होता. दोन प्रकरणं लिहून तो सरांपुढं उभा राहिला. सरांनी चष्मा काढला.

“रामप्रसाद, नियमात शब्द काय आहे?”

“अपेक्षित प्रगती, सर.”

“ही कोणी अपेक्षिली होती? मी तर नाही. समितीला संशय येईल. त्यांचे विद्यार्थी अजून प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात आहेत.”

मग एक प्रकरण परत घरी आलं. पुढच्या सहा महिन्यांची बेगमी म्हणून आम्ही ते ज्वारीच्या कणगीवर ठेवून दिलं.

निघताना सरांनी सहज विचारलं, “वडील काय करतात?” पोरानं सांगितलं, मेंढरं राखतात. सरांच्या तोंडावर पहिल्यांदा शैक्षणिक तेज आलं.

शहरातल्या माणसाला सांगायला हवं म्हणून सांगते. ज्याच्या रानात मेंढरं रात्रीची बसतात त्याच्या पिकाला दुसरं खत लागत नाही. मेंढरं संध्याकाळी जायची, भोवती जाळी लावायची, तिला आमच्यात वाघूर म्हणतात, आणि सकाळी जमिनीला लेंडीखत देऊन उठायचं. शेतकरी त्याबद्दल मेंढकऱ्याला दाणे देतो. आमचे मालक गावाच्या शिवेपलीकडे सरांच्या रानात मेंढरं घेऊन गेले. सरांनी दाणे दिले नाहीत, प्रगती दिली. अहवालावर लिहिलं, ‘समाधानकारक’. त्या वर्षी हळदही समाधानकारक आली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मेंढरं बसत होती, प्रगती होत होती, कणगीवरचं प्रकरण विद्यापीठात जात होतं आणि नवीन प्रकरण कणगीवर येत होतं.

मग नव्याण्णव सालच्या महाराष्ट्र दिनाला सरकारनं आमच्यावर उपकार केला. रात्री आम्ही परभणी जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी हिंगोली जिल्ह्यात उठलो. गावात फटाके वाजले. सरपंचानं पेढे वाटले. नवा जिल्हा झाला म्हणजे नेमकं काय झालं हे कोणाला सांगता येत नव्हतं, पण पेढा गोड होता. रामप्रसाद मात्र पेढा हातात धरून बसला.

“काहून खात न्हाईस?”

“माय, माझे बाजार गेले.”

“कुठं गेले? आत्ता तर मी सडकंवरून पाहून आले. जिथल्या तिथं हायेत.”

“बाजार हायेत. जिल्हा गेला त्यांच्या खालून.”

आणि ते बराबर होतं. शिरड, वसमत, औंढा, सेनगाव, त्यानं पायपीट करून अभ्यासलेले सगळेच्या सगळे बाजार नव्या जिल्ह्यात आले होते. ज्या जिल्ह्याचं नाव विषयात होतं, त्यात त्याचा एकही बाजार उरला नव्हता.

समिती बसली. तिचं नाव संशोधन प्रगती आढावा समिती. अध्यक्षांनी विचारलं, “उमेदवार अभ्यासक्षेत्र सोडून बाहेर का गेला?”

रामप्रसाद म्हणाला, “सर, मी न्हाई गेलो. क्षेत्र गेलं.”

“कोणाच्या परवानगीनं?”

“सरकारच्या.”

“तसा काही पुरावा?”

समितीनं ठराव केला : ‘उमेदवाराने अभ्यासलेला एकही बाजार अभ्यासक्षेत्रात आढळत नाही. प्रगती असमाधानकारक. तथापि, जिल्हा विभाजनात उमेदवाराचा हात नसल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला सादर केल्यास सहानुभूतीने विचार करण्यात येईल.’

दाखल्यासाठी पोराबरोबर मी स्वतः तहसीलला गेले. खिडकीतल्या साहेबानं अर्ज दोनदा वाचला. तो बिचारा सरळ माणूस होता.

“बाई, यात हात असल्याचा दाखला मागितला असता तर चौकशी करून देता आला असता. नसल्याचा कसा देऊ?”

“का न्हाई देता येत? न्हाई तर न्हाई म्हणून लिहा.”

“उद्या निघाला हात, तर माझी नोकरी जाईल.”

“साहेब, ह्याचा हात कुठं निघनार? ह्याला घरात मीठ मागायला जमंना, हा जिल्हा मागंन?”

साहेबानं रामप्रसादकडे नीट पाहिलं. त्यालाही पटलं असावं. पण पटणं वेगळं आणि दाखला वेगळा. आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

मी उकंडराव सरांनाच घरी जेवायला बोलावलं. बाजेवर बसून, दुधाचा पेला संपवून, सरांनी आम्हाला मार्ग दाखवला.

“सत्यभामाबाई, उपाय अगदी सोपा आहे. शीर्षकातलं परभणी काढायचं, हिंगोली घालायचं.”

“मंग घाला की सर.”

“घालता येईल. पण शीर्षक बदलायला मागची प्रगती समाधानकारक लागते.”

“मंग तेवढी समाधानकारक करा.”

“शीर्षक बदलल्याशिवाय ती कशी होणार?”

आमचे मालक तोवर कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते उठले आणि मेंढरांकडे निघून गेले. माणूस थकला की आपल्या लोकांत जातो.

एकदा ‘असमाधानकारक’ पडलं होतं. अजून एकदा पडलं की नाव कटणार, आणि नाव कटलं की सेनगावची ऑर्डर गेली. मी सरांना स्वच्छ विचारलं, “समितीला पाहिजे तरी काय?”

“फक्त एक बाजार. परभणी जिल्ह्याच्या हद्दीत. जो रामप्रसादनं अभ्यासलेला आहे.”

मी विचार केला. रात्रभर नाही, पेला धुवून ठेवीपर्यंत. मग म्हणाले, “सर, बाजार म्हंजे काय? माणसं, पाट्या अन् तराजू. आमची मेंढरं रातीपुरती दुसऱ्याच्या रानात बसतात का न्हाई? तसा शिरडचा बाजार एक दिवस तुमच्या रानात बसवू. तुमचं रान तर परभणी जिल्ह्यात हाय. समिती पाहून गेली की उठवू.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मग सावकाश म्हणाले, “बाजारानं हलू नये असं नियमात कुठंही लिहिलेलं नाही.”

विद्यापीठातून मला आतापर्यंत मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी.

गावाला राजी करणं तेवढं सोपं नव्हतं. बाजारात पुढारपण सोनाजी कांदेवाल्याचं. तो म्हणाला, “आमचा बाजार उचलून न्यायचा? काहून?”

“गावात डॉक्टर होऊन राहिला सोनाजी.”

“सुई टोचणारा?”

“न्हाई. नुसता.”

“मंग आमाला काय फायदा?”

“अरे, सुईवाल्याकडं माणूस रडत जातो अन् शिव्या देत येतो. नुसत्या डॉक्टरला कोणी शिव्या देत न्हाई. त्याला हार घालतात, पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी बोलावतात. आजूबाजूच्या गावात हाय का असा एक तरी? त्यांच्याकडं ग्रामसेवक होऊन होऊन झाला एक.”

हे सोनाजीला लागलं. ओट्यावर बैठक बसली. एक दिवसाचा तर प्रश्न. गावाच्या प्रगतीसाठी एवढी तकलीफ काढायला सगळे तयार झाले. बांगडीवाल्यानं तर सांगितलं, “माय, डॉक्टर झाला की माझं नाव त्या पुस्तकात आलं पाहिजे.”

ठरल्या दिवशी पहाटे शिरडचा बाजार निघाला. बैलगाड्या, जीप, डोक्यावरच्या पाट्या, कोंबड्यांचे झाप, सगळं हद्द ओलांडून सरांच्या रानात उतरलं. आमच्या मालकांनी सवयीनं चारी बाजूंनी वाघूर लावली. कोणी चुकून हिंगोली जिल्ह्यात गेलं असतं तर पुन्हा घोळ.

समिती आली. अध्यक्षांनी सातबारा पाहिला, मग कांदे पाहिले. मेथी हातात घेऊन वास घेतला. समितीकडून पैसे घ्यायचे नाहीत असं गावानं आधीच ठरवलं होतं, आणि समितीनंही ते बिनविरोध मान्य केलं. गाडीत वांगी, हरभऱ्याची डहाळं आणि एक कोंबडा ठेवून झाल्यावर ठराव लिहिला गेला : ‘शिरड शहापूर येथील आठवडी बाजार परभणी जिल्ह्यात प्रत्यक्ष भरलेला आढळून आला. प्रगती समाधानकारक.’

मी आयुष्यात पहिल्यांदा लग्नाशिवाय इतकी माणसं हसताना पाहिली.

चूक झाली ती इथं. मेंढरांना सकाळी शीळ घातली की ती उठतात. बाजाराला शीळ कळत नाही.

सरांचं रान डांबरी सडकेला लागून. येणारी-जाणारी एसटी तिथं थांबली. पलीकडच्या पाच-सात गावांनी बाजार पाहिला. दुपारपर्यंत सगळा माल संपला. बांगडीवाला म्हणाला, “शिरडला तीन आठवड्यांत जेवढं खपत न्हाई तेवढं आज खपलं.” पुढच्या आठवड्यात तो परस्पर तिकडंच गेला. त्याच्यामागं मसालेवाला गेला, मग कापडवाला, मग सोनाजी स्वतः. उकंडराव सरांनी मोठ्या मनानं जागा दिली. भाडं म्हणून नाही, तर आठवण म्हणून प्रत्येक पाटीतला ओंजळभर माल तेवढा घरी जायचा.

दोन-चार महिन्यांत त्या बाजाराची कीर्ती शहरात पोचली. मोठे व्यापारी टेम्पो भरून येऊ लागले. आमच्या माणसांच्या पाट्या सडकेवरून आत सरकल्या, आतून नाल्याच्या कडेला गेल्या. सोनाजीचे कांदे नाल्याकाठी कोण घेणार? एक दिवस तो पाटी घेऊन घरी आला तो पुन्हा गेलाच नाही. पण तोवर शिरडच्या बाजाराच्या जागेवर दोन गाढवं आणि सरपंचाच्या नावाचा फलक एवढंच उरलं होतं. आता आमच्या बायांना कोथिंबिरीच्या जुडीसाठी एसटीनं परभणी जिल्ह्यात जावं लागतं. ज्या गावात कांदा पिकतो त्या गावात कांदा मिळत नाही.

पुढच्या खेपेला समिती बसली. बाजार परभणी जिल्ह्यातच राहिल्यामुळं शीर्षक बदलायची गरज मधे कोणाला वाटली नव्हती. अध्यक्ष या वेळी खूपच चौकस झाले होते. त्यांनी माणूस पाठवून शिरडला पाहणी करवली. ठराव झाला : ‘उमेदवाराने प्रकरण तीनमध्ये वर्णन केलेला शिरड शहापूरचा बाजार शिरड शहापूर येथे अस्तित्वात नाही. माहिती कालबाह्य झाली आहे. प्रगती दुसऱ्यांदा असमाधानकारक. सबब नोंदणी रद्द.’

रामप्रसाद सरांच्या खोलीबाहेर डोकं धरून बसला. सर आतून हसत आले.

“अरे, तुम्ही तर नशीबवान! असा विषय शोधून सापडत नाही. ‘एका आठवडी बाजाराचे स्थलांतर आणि ऱ्हास : कारणे व उपाय’. नव्यानं नोंदणी करू. मी समितीशी बोललोय, सगळे खूश आहेत.”

“सर, कारण तर आपणच हाय की.”

“ते निष्कर्षात लिहू नका,” सर म्हणाले. “निष्कर्षात पुढील संशोधनाची गरज लिहायची असते.”

सरांनी नव्या नोंदणीचे कागद दिले. रामप्रसादनं ते घरी आणून खिळ्याला अडकवले आणि सही करायचं नाव काढलं नाही. सेनगावला निरोपसुद्धा धाडला, माझी वाट पाहू नका. आणि दुसऱ्या दिवशी पारुबाईच्या घरच्या बारशात जाऊन तो खरं बोलला.

बारशाच्या संध्याकाळी सोनाजी आला. मागं ओट्यावरची सात-आठ माणसं. मला वाटलं, बाजार गेल्याबद्दल भांडायला आलेत. मी तयारीतच होते. पण सोनाजी दारातच टेकला आणि हळू आवाजात बोलू लागला.

“भामाबाई, बाजार गेला त्याचं मी एक दिवस तरी बोललो का?”

“न्हाई बाबा.”

“बायको रोज बोलते. कांद्याची पाटी घरात सडून राहिली तवा तिनं मला काय काय म्हणलं ते हितं सांगत न्हाई. मी तिला म्हणायचो, गप बस, गावाची प्रगती होऊन राहिली. डॉक्टर होऊन राहिला. त्याला येळ लागतो. ती गप बसायची. आता आज तुझं पोरगं भर बारशात म्हणतं, कुठंच काही झालं न्हाई. मंग आमी काय येडे व्हय? घरी जाऊन बायकोला आता काय सांगू?”

बाकीची माणसं मान खाली घालून उभी होती. बांगडीवाला तर रडायच्या बेतात. त्यांना बाजार परत नको होता, भरपाई नको होती. त्यांना फक्त ते जुनं उत्तर पाहिजे होतं. मी म्हणाले, “जा घरी. उद्या बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिळ्याचे कागद काढले आणि रामप्रसादपुढं ठेवले. तो हात मागं घेऊन बसला.

“माय, अजून किती वर्षं खोटं बोलू? मला न्हाई करायचं आता. मी मेंढरं राखीन.”

“मेंढरं राख न्हाईतर नको राखू,” मी म्हणाले. “पण बस हितं अन् नीट ऐक. तू खरं बोललास, शाबास. पण खरं बोलायला ज्याचं काही गेलं न्हाई असा माणूस गाठायचा होता. तू बोललास कोणापशी? ज्यांनी आपल्या हातानं बाजार उचलून दिला त्यांच्यापशी! ज्याचं गेलं ना लेकरा, त्याला प्रगतीच सांगावी लागती. न्हाईतर तो इचारीन, माझं नेलं कशापायी? अन् ते इचारायची छाती त्याच्यात न्हाई, म्हणून तो तुझ्याकडून खोटं मागून राहिला. फुकट न्हाई मागत, आपलं सोन्यासारखं देऊन मागतो. हितंच न्हाई, समद्या मुलखात असंच मागतात, अन् ज्यानं दिलं त्याला डोक्यावर घेतात. तू एकटा येडा ठरलास तर गाव हसंन अन् इसरंन. गाव येडं ठरलं, तर हसायला मागं राहनार कोण? ऊठ, सही कर.”